अप्पांची मान कुणाकडे वळते

"आता कोणता महिना चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं आणि अप्पांनी मान वळवून आईकडे पाहिलं. आई काहीतरी पुटपुटली. अप्पा पुन्हा डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "ऑगस्ट."

उत्तर बरोबर होतं. तरी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मी उत्तर ऐकत नाहीये, मान बघतेय," त्या मला म्हणाल्या. "अम्मांना जरा बाहेर बसवाल का?"

आई उठेना. "पंचेचाळीस वर्षं मी सांगते आणि हे करतात. आता यांची एकट्याचीच परीक्षा का?"

"परीक्षेत कॉपी चालत नाही, सरोजा," अप्पा म्हणाले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस.

आम्ही तंजावरकडचे मराठी, तीन पिढ्या चेन्नईत. घरची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ मिसळलेली आहे. ती इथे सरळ करून लिहितो, एखाददुसरा शब्द तेवढा तसाच ठेवतो.

वृद्धांच्या आजारांच्या या डॉक्टरांकडे आम्ही आलो ते आईच्या गुडघ्यामुळे. तिचं नी रिप्लेसमेंट ठरलं होतं. यात झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसवतात. घरी गोळ्या कोण देणार, असं सर्जननी विचारलं. आईने अप्पांकडे बोट दाखवलं. सर्जननी अप्पांना दोन प्रश्न विचारले आणि चिठ्ठी देऊन इकडे पाठवलं.

आई बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी वार विचारला. "रिटायर माणसाला अस्के वार रविवारच की," अप्पा हसून म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. मीही हसलो. डॉक्टर हसल्या, पण त्यांनी गुण दिला नाही.

मग घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांनी फळ्यावर काढत तसं एका झटक्यात वर्तुळ काढलं, अगदी कंपासने काढल्यासारखं. आकडेही नेमक्या अंतरावर. माझा जीव भांड्यात पडला. "आता यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." अप्पांनी एक काटा अकरावर ठेवला आणि दुसरा दहावर. मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते सापडत नव्हतं.

तीसपैकी एकोणीस.

एमआरआय केला, रक्त तपासलं. एमआरआयमध्ये अट्रॉफी दिसली, म्हणजे मेंदू आकसलेला. निदान डिमेन्शियाचं, सुरुवातीच्या पायरीचं. या आजारात स्मरण आणि विचार करण्याची ताकद हळूहळू कमी होत जाते.

"हे एका वर्षात झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इतका मेंदू आकसलेली माणसं यापेक्षा पुष्कळ आधी अडखळतात."

मग आम्हाला आधी कसं कळलं नाही? त्यांनी एक शब्द सांगितला, कॉग्निटिव्ह रिझर्व्ह. शिक्षण, वाचन, डोक्याला काम देणारा व्यवसाय, माणसांत मिसळणं यातून मेंदूची एक गंगाजळी साठत जाते. आजार आला की मेंदू तिच्यावर निभावून नेतो, आडवाटा शोधतो. त्यामुळे तूट उशिरा दिसते. मी हिशेबखात्यातला माणूस, मला हे चटकन समजलं. त्यामागची वाईट बाजूही समजली. गंगाजळी आटत आली की घसरण भराभर दिसू लागते.

तरीही माझा हिशेब पुरता जुळत नव्हता. अप्पा रोज वेस्ट मांबलमच्या बाजारातून भाजी आणत, आणि ती कधी चुकत नसे. आई ऑपरेशनसाठी दाखल झाली त्या दिवशी अप्पा रिकामी पिशवी घेऊन परतले. मी भाजीवाल्याकडे गेलो. अप्पांना तो सार म्हणतो, म्हणजे सर. तो म्हणाला, "सार निघाले की अम्मांचा फोन येतो, काय काय द्यायचं ते. आज आलाच नाही."

आईच्या पायांत ताकद नव्हती, अप्पांच्या आठवणीत नव्हती. दोघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावरचा संसार चालवला होता आणि आम्हाला फोनवर "सगळं ठीक" सांगितलं होतं.

हे कळूनही मी चूक केलीच. ऑपरेशन चांगलं झालं. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. माझ्या पेरुंगुडीच्या नव्या फ्लॅटला होती, आणि फिजिओथेरपिस्ट घरी येणार होता. पण बायको आणि मी दोघंही नोकरीवर, दिवसभर अप्पांवर लक्ष कोण ठेवणार? कोइमतूरला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी माणसं होती. म्हणून आई आमच्याकडे आणि अप्पा अक्काकडे. कागदावर यात एकही चूक नव्हती.

आई व्यायाम करीना. गुडघा सत्तर अंशांपुढे वाकेना. फिजिओथेरपिस्ट म्हणाला की दुखणं एवढं नाही, पण अम्मांचं मनच नाही. तिकडे अप्पा रोज पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मांबलम स्टेशनचा रस्ता विचारत. एकदा मुख्य रस्त्यापर्यंत गेले. कुणीतरी हाताला धरून परत आणलं.

अक्काचा फोन आला. "काल मला विचारलं, सरोजाचं सगळं उरकून झालं का? मी म्हटलं, अप्पा, आई आहे, बरी आहे. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तम्बी, तुझं कणक्कु बरोबर आलं, माणसं तेवढी चुकली."

तम्बी म्हणजे धाकटा भाऊ, कणक्कु म्हणजे हिशेब. मला राग आला, कारण ती खरं बोलत होती.

अप्पांना घेऊन आलो आणि दोघांना त्याच डॉक्टरांसमोर बसवलं. आईला पाहिल्यावर अप्पांनी आधी तिच्या पायाकडे बघितलं, मग म्हणाले, "वाकत नाही वाटतं? आळशी." आई डोळे पुसत म्हणाली, "मोजायला कोण होतं?"

मी डॉक्टरांना एक विनंती केली. शास्त्राला धरून नसेल, पण आई शेजारी असताना अप्पांची चाचणी घ्याल का? त्यांनी घेतली. सत्तावीस आले.

"हा आकडा मी फाइलमध्ये लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण यांना कुठे ठेवायचं ते ठरवताना हाच धरा. यांची शिल्लक नुसती डोक्यात नाही, बरीचशी शेजारच्या खुर्चीत आहे. मात्र आजार थांबलाय असं समजू नका."

आम्ही त्याच गल्लीत तळमजल्यावर घर भाड्याने घेतलं. बाजार तोच, भाजीवाला तोच. गोळ्या द्यायला आणि दिवसभर सोबतीला एक बाई ठेवली. अप्पांच्या खिशात नाव, पत्ता, फोन लिहिलेलं कार्ड असतं. आई व्यायामाला बसली की अप्पा समोर स्टुलावर बसून शाळेतल्या आवाजात आकडे मोजतात. कधी बारावरून नवावर येतात, आणि आई तेवढे जास्तीचे करते. गुडघा आता एकशे दहा अंशांपर्यंत वाकतो.

ज्यांच्या घरी म्हातारं जोडपं आहे त्यांना एवढंच सांगेन. फोनवर दोघांशी एकत्र बोलून खुशाली ठरवू नका, दोघांना वेगवेगळं भेटा. पण त्यात जी तूट सापडेल तिच्यापायी त्यांना वेगळं करण्याची घाई करू नका. अप्पा हळूहळू उतरत आहेत. यंदा ते माझं नाव दोनदा विसरले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून कोसळलो नाही. त्यांचा मी ऋणी आहे.

मागच्या तपासणीत डॉक्टरांनी आईला विचारलं, "अम्मा, मध्ये कधी पडलात का?"

"नाही," आई म्हणाली, आणि तिने मान वळवून अप्पांकडे पाहिलं.

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. तो दिवस कोणता, हे त्यांना सांगता आलं नसतं. तिथूनच म्हणाले, "पडली. न्हाणीत, नळाजवळ. मी उचललं. सांगू नका म्हणाली."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि हे फाइलमध्ये लिहून घेतलं.