गोदावन्संच्या चौकशा

गोदावन्संना अख्खी वाडी भोचक म्हणते. म्हणो बापडी! संगमेश्वरला एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर-सासर, दुखणीखुपणी, सगळं देवरूख यायच्या आत यांना तोंडपाठ. मी लग्न होऊन आले तेव्हा वैतागायचे. नवऱ्याची थोरली बहीण आहे की पोलीस, असं वाटायचं.

पण ही खोड उगाच नाही लागलेली. त्या लहान असताना एका सकाळी वडील घरातून निघाले. पोरीने तोंड उघडलं, "बाबा, कु..." तोच सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये ना आपल्यात, काम होत नाही म्हणे! मग पोरीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "लांब?"

"नाय गो, इथंच," म्हणाले नि गेले. ते परत आलेच नाहीत.

काहीच ठाऊक नसतं, तर माणूस रडून मोकळं होतं. हे 'इथंच' मेलं अर्धवट! आणि अर्धवट कळलेलं जिवाला चैन पडू देत नाही. पोर दिसेल त्याला काहीबाही विचारत सुटली, ती आजतागायत.

खरं काय ते सासूबाईंना ठाऊक होतं. विचारलं की म्हणायच्या, "मरायच्या आधी सांगेन. तोवर डोकं खाऊ नको." वन्संनी साऱ्या जगाला छळलं, पण आईचा शब्द पाळला.

आणि गेल्या श्रावणात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. रत्नागिरीच्या इस्पितळात जीव वाचला, वाचा गेली. घरी आणल्यावर वन्सं उशाशी बसल्या.

"आई, बोलू नको. नुसती मान हलव. बाबा मुंबईस गेले?"

सासूबाईंनी मान हलवली. हो. वन्संचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"दुसरी बाई होती?"

हो.

"तुझ्याशी भांडून गेले?"

हो.

"मुंबईस नाही, गोव्याला गेले ना?"

त्यालाही हो. मान कशालाही हलतेय, हे मला कळून चुकलं. वन्संनाही कळलं असणार, पण त्यांना थांबवेना.

"जिवंत आहेत?"

हो.

"वारले?"

हो.

"पुरे हो वन्सं," म्हणताना मलाच रडू फुटलं. सासूबाईंचे डोळे वाहत होते, लेक विचारतच होती, आणि मान हलतच होती.