कृत्तिका मोजणारा पाटकरी

आमचे हे कालव्यावर पाटकरी. सरकारचा पगार, नगरकडच्या देवळालीत दोन खोल्यांचं घर, मानूस कुनाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. सगळं ब्येस हुतं. पन पाटाचं पानी राखता राखता ह्यांना चांदन्यांचं खूळ लागलं, आन माझ्या कपाळी कंदील आला.

झालं असं, की पेपरात आलं, औंदा शेंडेनक्षत्र उगवनार. नगरचे कुनी कॉलेजातले सर कालव्यावर आल्ते. ते ह्यांना म्हनले, "सहादेवराव, बघायचं तर चांगला काळोख शोधा. कृत्तिकेच्या पुंजक्यातल्या चांदन्या मोजायच्या. जितक्या जास्त दिसतील, तितका काळोख चांगला." झालं! सर गेले निघून, आन काळोख बसला माझ्या मुंडक्यावर.

त्याच टायमाला आमच्या आळीत लाईट आली. छगन वायरमन खांब रवायला आला, तर हे आडवे. "माझ्या दाराम्होरं दिव्याचा खांब नको. कृत्तिका पुसून जातात." आता खांब न्हाई तर घरात वायर कुठनं येनार? अख्ख्या आळीत बल्ब, आन मी राकेलच्या लायनीत! मशिनीवर चोळ्या शिवते मी. कंदिलाम्होरं सुईत दोरा ओवता ओवता जीव मेटाकुटीला यायचा. रोज म्हनायची, "आवो, माझं डोळं जातील एक दिवस." हे अंगनात मान वर करून. "मागं सात दिसायच्या, औंदा पाचच. साखर कारखान्याच्या दिव्यांनी वाटोळं केलं बघ."

मंग काळोख हुडकत हिंडनं आलं. बेलापूरला माझ्या भावाच्या मळ्यात गेले, तिथंबी पाच. म्हने बाजारातल्या बत्त्या आडव्या येतात. बाजार कुठं, मळा कुठं! शेंडेनक्षत्र तर आलंय म्हनत्यात, पन गावात कुनाला धड दिसलं न्हाई. तरी ह्यांचं आपलं चालूच.

संक्रांत झाली आन ह्यांनी भंडारदऱ्याचं काढलं. माझी थोरली भन राहीबाई तिथं धरनाच्या अंगाला ऱ्हाते. पन जायचं कवा, तर पौषातल्या अवसेला!

"आवो, अवसेला कुनी पिशवी उचलून घराबाहेर पडतं का?"

"त्या दिशी चंद्र नसतो म्हनूनच."

आता डोकं फोडून घ्यावं का काय करावं? शेवटी मीच कंबर कसली. म्हनलं, "मीबी येते. तिथं सात दिसल्या, तर पुन्हा खांबाचं नाव काढनार न्हाई. न्हाई दिसल्या, तर घरी गेल्याबरोबर छगनला बोलवायचं. हाय कबूल?"

"कबूल," म्हनले.

दिवेलागनीनंतर राहीबाईच्या घरामागच्या टेकाडावर चढलो. थंडीनं दात वाजत हुते. कुठं दिवा न्हाई, काडी न्हाई. हे लई येळ वर बघत ऱ्हायले. डोळं चोळलं, पुन्हा बघितलं.

"चारच," म्हनले. "हितंबी कुनाचा तरी उजेड पडतोय."

मला असा आनंद झाला म्हनून सांगू! जिंकले की मी! आता चांगला टोमना मारावा म्हनून मीबी वर बघितलं. आजवर बघितलंच नव्हतं हो, येळ कुनाला हुता! बोट दावून मोजाया लागले, आन तोंडातनं निघूनच गेलं, "आवो, चार काय? नऊ हायत की!"

बोलले आन जीभ चावली. वाटलं, मीच चुकले आसंन. पुन्हा मोजल्या, तर नऊच. देवळालीत न्हाई, बेलापुरात न्हाई, काळोख कुठंच बिघडला नव्हता. इतकी वर्सं मी माझ्याच डोळ्यांचं रडगानं गात हुते.

हे म्हनले, "मंग काळोख चांगलाच हाय म्हनायचा."

घरी आल्यावर हे सोताच छगनकडं गेले. खांब उभा ऱ्हायला, घरात बल्ब लागला. डाक्टर म्हनले, ह्यांना मोतीबिंदू हाय, पिकल्यावर काढू.

आता दोरा एका दमात ओवते मी. पन जेवनं झाली की मीच उठून बटन बंद करते, ह्यांना अंगनात घेऊन बसते आन मोठ्यानं मोजते. त्या मेल्या खांबाच्या उजेडात मला पाचच दिसतात. पाच म्हनलं की हे खेकसतात, "नीट बघ! नऊ हायत तिथं."

काय बोलावं ह्या मानसाला? बसते पुन्हा मोजत.