पुराची रेघ पुसली

मित्रांनो, आज सकाळी आमच्या कल्याणच्या सोसायटीत सेक्रेटरी काकांनी पुराची रेघ रंगाखाली गाडली. गेल्या जुलैत उल्हास नदीचं पाणी तळमजल्यावर माझ्या छातीपर्यंत चढलेलं. ती रेघ मीच तारखेसकट भिंतीवर ओढलेली.

"काका, हे काय?"

सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, खालचा फ्लॅट बघायला लोक येतायत. तू गप रे!"

तेव्हा गेटवर पाण्याचा टँकर उभा होता. चार दिवसांत सगळा पाऊस कोसळतो, मग महिनोन्महिने थेंब नाही. पूर आणणारी नदी तीच, टँकर मागवायला लावणारीही तीच. आणि आम्ही लपवतोय!

फ्लॅट बघायला आलेल्या ताईंच्या कडेवर बाळ होतं. मी त्यांना रेघेची जागा दाखवली. काकांनी मला सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं, म्हणून इथे लिहितोय.

तुमच्याकडे पाणी कुठवर चढलेलं, हे नव्या माणसाला कोण सांगतं?