पठाणपुरा गेटवर आठच पोरं

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. माझ्या आजोबांनी कागदावर काही उमटवलं असेल तर तो अंगठा. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. तिसऱ्या वर्षाला आलो, तरी परीक्षेच्या पेपराबाहेर दोन पानं सलग लिहिलेली नाहीत. ज्या चंद्रपूरबद्दल लिहायला बसलोय त्याचा परकोट, गेटं, गोंड राजांच्या समाध्या यांविषयी मला पुस्तकातलं येतं तेवढंच येतं. त्या दिवशी मी ते शहर पाहिलं असंही म्हणता येणार नाही. तरीही लिहितोय, कारण ते दोन-अडीच तास अजून अंगातून गेलेले नाहीत.

आमचं पोड, म्हणजे आम्हा कोलामांची वस्ती, झरी जामणी तालुक्यात जंगलाला लागून आहे. मी वणीला राहून बीए करतो, विषय इतिहास. पुस्तकात वाचलं होतं की आपल्या इतक्या जवळ राजांनी अख्ख्या शहराभोवती दगडी भिंत बांधली, आणि ती अजून उभी आहे. पोडावरच्या पोरांनी भिंत म्हटली की कुडाची पाहिलेली. मला वाटलं, यांना हे दाखवावं. खरं सांगायचं तर मला ते येतं हेही दाखवायचं होतं.

नऊ पोरं निघाली. सोबत अंगणवाडीच्या बाई होत्या, त्या नात्यानं माझ्या काकू लागतात. पोरांत सगळ्यांत लहान एक मुलगी होती, आठ वर्षांची. परक्या माणसासमोर ती तोंड उघडत नाही. तिच्या वडिलांना मी भाऊ म्हणतो. ते टोपली विणता विणता मान वर न करता म्हणाले, "तिकडं तिले कोण ओळखते?"

"मी आहे ना, भाऊ," मी म्हणालो.

(आमचं बोलणं कोलामीत होतं. इथं ते आमच्या भागातल्या मराठीत लिहितोय.)

वणीहून एसटीनं चंद्रपूरला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जटपुरा गेटखाली गाड्यांची इतकी गर्दी की मला माझंच पाठ केलेलं ऐकू येईना. दगडात कोरलेला सिंह दाखवला, पायाखाली हत्ती असलेला.

"दादा, हत्ती एवढासा काहून?" एका पोरानं विचारलं.

"सिंह राजाचं चिन्ह आहे. राजा किती बलवान होता ते दाखवलंय."

"मंग हत्ती कोणाचा?"

काकू हसायला लागल्या. "सांग ना मास्तर. का हे पुस्तकात नाही?"

मुख्य रस्त्यावर पोरं गाड्यांना घाबरत होती म्हणून मी आतल्या गल्ल्यांनी पठाणपुरा गेटकडे निघालो. तिथं परकोटावर चढता येतं. पोरं एकामागे एक चालत होती, जंगलात चालतो तशी. मी पुढं, काकू मध्ये. ती छोटी शेवटी. मी एकदाही मागं वळलो नाही. मनात सनावळी घोकत होतो.

गेटच्या सावलीत पोहोचलो आणि पोरं मोजली. आठ. परत मोजली. काकूंनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली. आठच.

"ती कुठाय?"

मग तिच्या पुढं चालणारा पोरगा हळूच म्हणाला, "तिच्या चपलेचा अंगठा निघाला. ती खाली बसली. म्हणे, चाला तुम्ही, येतो मागून."

"मले काहून सांगितलं नाही?"

"येतो म्हणली ना," तो म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता.

काकूंना पोरांजवळ बसवलं आणि आलो त्या गल्लीनं धावत सुटलो. किराणा दुकान, पिठाची गिरणी, सायकलवाला. प्रत्येकाला विचारलं. "हिरवा फ्रॉक, एवढी उंची." चहावाल्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"कोण लागते तुझी?"

"आमच्या गावची आहे."

"गावची? म्हणजे तू बाप नाही, भाऊ नाही. मंग तुझ्या हाती दिली कोणं?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. तो पुढं म्हणाला, "चौकीत जा बापू, टाइम नको घालवू." मी मान हलवली, पण पाय तिकडं वळेनात. पोडावर खाकी कपडे दिसले की माणसं जंगलात सरकतात. मी कॉलेजात शिकतो, अर्ज लिहितो, आणि तरी त्या क्षणी मीही तसाच होतो.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. भाऊंचा.

ते मला कधीच फोन करत नाहीत. पोडावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते, तिथवर उगाच कोण चढणार? मनात आलं, बापाला आतून कळलं असेल. आता विचारतील, पोरगी काय करून राह्यली? मी काय सांगू? फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मी तो हातात धरून उभा राहिलो, त्यावरचं नाव बघत. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आवाज बंद केला आणि खिशात टाकला. ही गोष्ट लिहिताना मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मग एका ठिकाणी गल्लीला दोन फाटे फुटत होते तिथं मी थांबलो. गेटकडे जाणाऱ्या फाट्याच्या तोंडाशीच रस्ता खोदलेला होता, आणि खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून कुणीतरी कडुनिंबाची भलीमोठी हिरवी डहाळी आडवी टाकली होती. येताना मी ती ओलांडूनच गेलो होतो.

आमच्याकडे जंगलात पुढचे लोक मागच्यासाठी खोळंबत नाहीत. जिथं दोन पायवाटा फुटतात तिथं, ज्या वाटेनं आपण गेलो नाही तिच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकतात. मागून येणारा ती बघतो आणि बिनघोर दुसरी वाट धरतो. चालायला लागलेल्या पोरालाही हे कळतं. म्हणून तर तिनं आवाज दिला नाही, आणि पुढच्यानं मला सांगितलं नाही. तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी तिच्यासाठी ही वाट बंद केली, असंच तिला वाटलं असणार.

मी दुसऱ्या फाट्यानं धावलो. क्षणभर वाटलं, आता सापडेल. पण ती गल्ली पुढं तीन ठिकाणी फुटली. कुठंही डहाळी नाही, पाऊलखूण नाही, सगळा सिमेंटचा रस्ता. एका गल्लीच्या शेवटी परकोट होता आणि परकोटाला माणूस वाकून जाईल एवढी खिडकी. पलीकडे उतार, झुडपं, आणि खाली नदीचं पाणी. मी तिचं नाव घेऊन ओरडलो. पाण्याजवळ धुणं धुणारी एक बाई उभी राहिली, हात डोळ्यांवर धरून माझ्याकडे पाहू लागली. मी तिला विचारलंच नाही. ती काय सांगेल याची भीती वाटली. त्या भिंतीला हात टेकून उभा होतो. एवढे दिवस जिच्याबद्दल वाचलं ती हीच, पण तेव्हा ती मला फक्त गरम दगड लागली.

गेटवर परतलो तेव्हा पोरं काकूंना खेटून बसली होती. काकूंनी माझा चेहरा पाहिला.

"चौकीत जाऊ," मी म्हणालो.

"चाल. पण पहिले तिच्या बापाले फोन कर."

"त्याइचाच येऊन राह्यला."

"आन् तू उचलला नाही?" काकूंचा आवाज चढला. त्यांचा स्वतःचा फोन पोरांनी बसमध्येच बघून बघून बंद पाडला होता. "त्याची लेक हाय ते. तुले भेव वाटते म्हणून त्याले सांगायचं नाही का?"

फोन काढला. पाच वेळा येऊन गेला होता. मी लावायच्या आतच हातात थरथरला. उचलला आणि त्यांना बोलूच दिलं नाही. "भाऊ, माझी चूक झाली, पोरगी माझ्या हातून..."

"अरे चूप," भाऊ म्हणाले. "किती वेळचा या टाकीजवळ उभा हाय मी! कायले उचलत नाहीस? पाण्याले इथं आलो तं तुयाच शहरातल्या एका बाईचा फोन आला. पोरगी तिच्या ओसरीवर बसली हाय, पिठाच्या गिरणीमागं. नाव सांगेना, गाव सांगेना. पण मले वाचता येत नाही म्हणून माया नंबर तिच्याच तोंडपाठ असते. तेवढा सांगितला तिनं. बाईनं तिले वरणभात चारला. आता घेऊन ये."