सरांच्या बोर्डावरचे वीस मिलिसेकंद

या पानावरचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर मजा घ्यायला वाचते. ‘पंखा आपोआप फिरला’ असं कुणी लिहिलं की खाली ‘वायरिंग तपासून घ्या’ असं लिहिणाऱ्यांतली मी एक. जामसांवळीचं हनुमानाचं देऊळ आमच्या सौसरहून हाकेच्या अंतरावर. बाधा झाली म्हणून माणसांना धरून आणतात, ते लहानपणापासून पाहत आले. आईसोबत मीही जाते, हात जोडते, पण मनातून माझा विश्वास मोजता येईल त्याच्यावरच. म्हणून हे लिहायला जरा लाजच वाटते आहे... कारण जे सांगणार आहे, ते मी स्वतः मोजलेलं आहे.

मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी सौसरच्या घरूनच काम करते. फुप्फुसं कमजोर झालेल्या लोकांना घरी ऑक्सिजन देणारं मशीन आम्ही बनवतो. त्याच्या आत एक प्रोसेसर असतो, आणि त्या प्रोसेसरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, व्होल्टेज सांभाळणारा कोड असतो. काम वाढलं की प्रोसेसरला वेग वाढवावा लागतो. त्याआधी व्होल्टेज चढवायचं, मग वेग. हा क्रम चुकला किंवा घाई झाली तर प्रोसेसर अडकतो.

हा कोड मेश्राम सरांनी लिहिलेला. सर मूळचे पांढुर्ण्याचे, माझे सीनियर. मला कामाला लावलं त्यांनीच, आणि माझ्या कोडमधल्या चुका सगळ्यांसमोर कधीच दाखवल्या नाहीत, वेगळा फोन करून सांगायचे. दीड वर्षापूर्वी सर हार्टने गेले. त्यांच्या घरी असलेला टेस्टचा बोर्ड, तळहाताएवढं सर्किट, त्यांच्या आईंनी कंपनीला परत दिला. मी जवळची म्हणून तो माझ्याकडे आला.

गेल्या हिवाळ्यात मॅनेजरने तो जुना कोड आवरायला मला सांगितलं. वागणूक तीच ठेवायची, पण पसारा कमी करायचा. पाहिलं तर व्होल्टेज चढवायचा तोच तो तुकडा पाच ठिकाणी चिकटवलेला, आणि प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज चढवल्यावर वीस मिलिसेकंद थांबायची एक ओळ. का थांबायचं, त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. चिपचं माहितीपत्रक म्हणत होतं की अर्धा मिलिसेकंद पुष्कळ झाला. मला वाटलं, सरांनी घाईत कधीतरी टाकलं असेल आणि राहून गेलं असेल. मी पाचाचं एक केलं आणि वीसच्या जागी अर्धा मिलिसेकंद टाकला. शहाणपणा म्हणतात तो हा.

नवा कोड तीन बोर्डांवर चढवला. त्यातला एक सरांचा. ऑसिलोस्कोप लावला — व्होल्टेज कसं चढतं ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. दोन बोर्डांवर अर्धा मिलिसेकंद. सरांच्या बोर्डावर वीस.

अर्थातच मी म्हटलं, जुनाच कोड चालू राहिला असणार. सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं. नवा कोडच चालू आहे हे दाखवणारा नंबर छापून घेतला. मेमरी कार्ड बदललं, केबल बदलली, स्कोपची सुई बदलली. शेवटी चालणाऱ्या बोर्डाचं कार्ड काढून सरांच्या बोर्डात घातलं. वीस. कोडमध्ये जे नव्हतंच, ते हा बोर्ड करत होता.

मॅनेजरला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो म्हणाला, “बोर्ड जुना झालाय, बाजूला टाक. बाकी दोन्हींवर पास आहे ना? शनिवारी सगळ्या मशीनना अपडेट जाऊ दे.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण बिघाड असा नसतो हो. बिघाड कधी अठरा दाखवेल, कधी तीस, कधी काहीच नाही. मी तीनशे वेळा मोजलं आणि तीनशे वेळा वीसच. माझा हट्टी स्वभाव आड आला. सर कामाचे हिशेब एका वहीत लिहायचे, ती त्यांच्या आईंकडे असेल आणि तिच्यात काही सापडेल म्हणून बुधवारी सकाळी दोन बोर्ड पिशवीत घातले, एक सरांचा आणि एक साधा, आणि पांढुर्ण्याची बस धरली.

सरांच्या आईंचं घर गावाच्या टोकाला आहे, पलीकडे लगेच संत्र्याच्या बागा. आईंची फुप्फुसं गेली तीन वर्षं कामातून गेलेली. आमच्या कंपनीचं चाचणीचं मशीन त्यांच्याच खाटेजवळ असतं आणि नाकात त्याची नळी. घरी त्या एकट्याच. त्यांनी वही काढून दिली, पण त्यात सगळी आकडेमोड होती, कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. लाइन सकाळपासून गेलेली होती आणि मशीन बॅटरीवर चालू होतं.

बाराच्या सुमारास लाइन आली. मी लॅपटॉपचा चार्जर लावायला उठले तर आई म्हणाल्या, “थांब पोरी. लाइन आली म्हून लगेच बटन नाही दाबा लागत. ठरू दे तिले.”

“काऊन?”

“बल्ब पाय.”

मी वर पाहिलं. बल्ब लागला, आणि बघता बघता लालसर होऊन मरगळला. मग उजळला, परत मरगळला.

“सर्वाइनं मोटरीले ऑटो लावून ठेवले,” आई म्हणाल्या. “लाइन आली का अख्ख्या शिवारातल्या मोटरी एकदमच उठतात. मंग लाइन खाली बसते. मोटरी बंद पडतात, मंग परत उठतात. पाच-धा मिंटं हेच चालते. माहा पोरगा एका दिवाळीत आला होता तं आठ दिवस इथंच बसून राहिला होता, त्या मशीनपाशी. मी म्हणो, बाप्पा, सुट्टीत आला तं घराबाहेर तरी जा. तं म्हणे, आई, मी लाइन यायची वाट पाहून राहिलो.”

मला समजलं. कुणी वीज चोरत नाही की काही नाही. लाइन कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून शेतात जाणं वाचावं यासाठी प्रत्येकाने मोटर आपोआप सुरू करणारा खटका लावलेला. आणि लाइन आली की आमचं मशीन बॅटरीवरून लाइनवर येतं, तेव्हाच प्रोसेसर वेग वाढवतो. इतक्या मरगळलेल्या विजेवर व्होल्टेज चढायला अर्धा मिलिसेकंद कसा पुरेल? पुण्याच्या लॅबमध्ये किंवा सौसरला माझ्या इन्व्हर्टरवर हे कधी दिसणारच नव्हतं.

पिशवीतून दोन्ही बोर्ड काढले आणि भिंतीवरच्या प्लगला जोडले. लाइन आणखी चारदा बसली. साधा बोर्ड चारपैकी तीनदा अडकला. अडकला की स्वतःला परत सुरू करायचा, आणि परत त्याच जागी अडकायचा. सरांचा बोर्ड, तोच माझा नवा कोड घेऊन, चारही वेळा नीट चालला.

मी आईंच्या मशीनकडे पाहिलं. शनिवारी माझा कोड याच मशीनमध्ये येणार होता. प्रोसेसर अडकला की ऑक्सिजन बंद, आणि अलार्मही त्याच प्रोसेसरवर, म्हणजे तोही वाजला नसता. आई दुपारी जेवून झोपतात. मला रडूच यायला लागलं. आई घाबरल्या, “काय झालं व माय?” मी म्हटलं, काही नाही, सरांची आठवण आली. ते खोटंही नव्हतं.

बसमधूनच मॅनेजरला फोन करून शनिवारचं अपडेट थांबवलं. घरी येऊन ती ओळ परत टाकली, एकाच ठिकाणी, आणि वर का थांबायचं ते सहा ओळींत लिहिलं: मोटरी, ऑटो, पांढुर्णा, सगळं. मॅनेजर म्हणाला, कोडमध्ये कुणी निबंध लिहितं का? मी म्हटलं, मी लिहिते.

मग सरांच्या बोर्डावर मोजलं. कोडचे वीस आणि बोर्डाचे आपले वीस, चाळीस दिसायला हवेत असा हिशेब. दिसले वीस.

मी ती ओळ पुन्हा काढून पाहिली. अर्धा मिलिसेकंद. परत टाकली, वीस. परत काढली, अर्धा. आता तो बोर्ड बाकीच्या दोघांसारखाच वागत होता, आणि आजवर तसाच वागतो. तो पुण्याला पाठवला. तिथे दोघांनी प्रत्येक भाग तपासला आणि ‘कोणताही दोष नाही’ असा शेरा मारून परत दिला. आधीच्या मोजणीच्या तीनशे फाइली माझ्याकडे आहेत. कुणाला स्पष्टीकरण देता आलं तर जरूर द्या. वायरिंग मी तपासलेलं आहे.

आईंना हे सांगावं की नाही, कळत नव्हतं. लेक गेलेल्या माणसाला उगाच असलं काही सांगून आपण काय साधणार? शेवटी एका रविवारी फोनवर सांगितलंच, जमेल तितकं सोपं करून. की सरांचा बोर्ड तुमच्यासाठी थांबत होता. की मी ती ओळ नीट लिहून ठेवल्यावर थांबायचा बंद झाला.

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. आई म्हणाल्या, “तू लिहून ठेवलं ना आता? कोणी खोडणार नाही ना?”

“नाही आई. मी असेपर्यंत तरी नाही.”

“मंग जाऊ दे त्याले,” त्या म्हणाल्या. “लय दिवस बसला माह्यापाशी.”