वकीलबाई सहलीला गेली नाही

वकीलबाई हे नाव तिला दवाखान्यातल्या नर्सने ठेवलं. नऊ वर्षांची असताना गोळी हातात धरून तिने विचारलं होतं, "मला काही दुखत नाही, मग ही कशाला? आणि काही झालंच असेल तर मी बरी का होत नाही?" नर्सने कपाळावर हात मारला आणि खरं ते सांगून टाकलं. एचआयव्ही जन्मापासून तिच्या अंगात होता. रोज गोळी घेतली तर तो डोकं वर काढणार नव्हता. तेव्हापासून ना पोरीने गोळी सोडली, ना वाद घालणं.

गोळी चुकली ती एकदाच, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. वडील आधीच गेले होते, सोळाव्या वर्षी आईही गेली. अठरा पूर्ण नसतील तर औषधाला पालकाची सही हवी, असा नियम. काकांनी एकदा सही केली, पुढच्या खेपेला "आज वेळ नाही" म्हणाले आणि मग फोनच उचलेनात. औषध काउंटरच्या पलीकडे, ही अलीकडे. काही महिने असेच गेले. ताप उतरेना, केस विंचरले की हातात यायचे. शेवटी नर्सनेच वरिष्ठांशी भांडून मार्ग काढला. त्या दिवसांचा राग वकीलबाईने अजून गिळलेला नाही, आणि का गिळावा?

आता ती बावीस वर्षांची आहे. पार्लरमध्ये काम करते. हात इतका हलका की गिऱ्हाइकं तीच हवी म्हणून अडून बसतात. पार्लरच्या मालकीणबाईंना सगळ्याजणी मावशी म्हणतात. मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाकी सगळीकडे तोंडाचा पट्टा सोडणारी ही बया इथे मात्र ताकास तूर लागू देत नव्हती. कळलं तर नोकरी जाणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

परदेशात एचआयव्हीवर मोठी बैठक भरली, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांच्या गटाने तिला निवडून पाठवलं. मावशींना तिने नात्यातल्या लग्नाची थाप मारली.

बैठकीत तरुणांचं कौतुक काही विचारू नका! सकाळी एकेकाने पडद्यामागून, नाव न सांगता, आपली कहाणी सांगायची. समोरच्यांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. दुपारी तरुणांना शहर दाखवायला बस तयार. आणि बस निघाली की मोठी माणसं आत ठराव लिहायला बसणार. बोलवायचं, रडवून घ्यायचं आणि सहलीला पिटाळायचं. तोंडाला पानं पुसायची याहून सभ्य रीत अजून कुणाला सुचलेली नसावी.

वकीलबाई बसमध्ये चढली नाही. दुभाषी बाईंना हाताला धरून ती ठरावाच्या खोलीपाशी गेली.

"तुमची बस सुटेल," दारावरचा संयोजक म्हणाला.

"सुटू दे. आत आमच्याच औषधाबद्दल लिहिताय ना?"

आणि उत्तराची वाट न बघता ती आत शिरली. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली आणि हात वर केला. "एकच वाक्य घाला. ज्यांना सही करणारं कुणी नाही, त्या मुलांना स्वतःच्या सहीवर औषध मिळावं."

कुणी मान डोलावली, कुणी विषय नाजूक असल्याचं सांगितलं. अध्यक्षबाई मात्र थेट म्हणाल्या, "वाक्य चांगलं आहे. पण ते उद्याच्या खुल्या सभेत मांडावं लागेल. तिथे पडदा नसतो. स्वतःचं नाव सांगावं लागतं, आणि सभा सगळीकडे थेट दिसते. कुणीच मांडलं नाही, तर वाक्य गळेल."

म्हणजे मावशींनाही दिसणार. संध्याकाळी तिने मावशींना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे लग्न खोटं."

"हो."

"आणि गिऱ्हाइकांना मी काय सांगू?"

"मला माहीत नाही, मावशी. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा म्हटलं..."

फोन बंद झाला. ती रडली, अगदी मनसोक्त. मग गोळी घेतली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने कॅमेऱ्याकडे बघून आईवडिलांनी ठेवलेलं पूर्ण नाव सांगितलं आणि वाक्य मांडलं. दोघांनी विरोध केला. तिने त्यांना विचारलं, "माझ्यासाठी सही करायला तुम्ही आला असतात का?" वाक्य ठरावात गेलं. ठरावाने लगेच औषधाचं कपाट उघडत नाही, तेवढं तिलाही कळतं. पण आता भांडताना हाताशी काहीतरी होतं.

परतल्यावर ती पार्लरमध्ये गेली ती आपलं सामान आणायला. आत तीन गिऱ्हाइकं होती. सभा त्यांनीही पाहिली होती; ती येताच तिघी वळून बघू लागल्या. मावशी कात्री ठेवून उठल्या आणि मधल्या रिकाम्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसल्या.

"माझ्या भुवया वाढल्यात. कर."

"मावशी, दोरा दातात धरावा लागतो."

"मग धर की. थुंकीने लागत नाही हे डॉक्टरांना विचारून आलेय मी. आणि पुढच्या वेळी थापा मारल्यास तर याद राख."

एक बाई पर्स उचलून निघून गेली. मावशींनी मान वळवली नाही, डोळे मिटून चेहरा वर केला. वकीलबाईने दोऱ्याचं रीळ उचललं. हातभर दोरा ओढला आणि त्याचं टोक दातात धरलं.