मोघ्यांनी मोजलेली अस्सल इंग्लिश रायफल

शशिधर मोघे यांनी आयुष्यात कधी चिमणीवर खडासुद्धा मारला नव्हता. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एकतीस वर्षं काढूनही फॅक्टरीच्या ख्रिसमस जेवणात ते उकडलेले बटाटे आणि कोबी यांच्यापलीकडे गेले नव्हते. अशा माणसाकडे दोन शिकारी रायफलींचा निवाडा करायचं काम आलं ते २००५ सालच्या एप्रिलमध्ये, आणि आलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. मोघे दिसेल ते मोजत.

ही खोड पोटापाण्याची होती. १९७३ साली पुण्यातल्या एका इंजिन कारखान्यातून ते इकडे आले आणि गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून चिकटले. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी चूक त्यांना चालत नसे. त्यांनी पास केलेला गिअर कधी परत आला नाही; त्यांनी नापास केलेला कुणी गुपचूप ट्रकमध्ये चढवला, की तो हमखास परत येई. मग २००४ साली कंपनीने हिशेब केला की हेच गिअर पोलंडमध्ये निम्म्या खर्चात होतात. निरोपाच्या दिवशी मोघ्यांना एक घड्याळ मिळालं. ते दिवसाला चार सेकंद मागे पडतं, हे त्यांनी आठवड्याभरात कंपनीला पत्राने कळवलं. उत्तर द्यायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

घरी बसल्यावर मोघ्यांच्या मायक्रोमीटरचा मोर्चा स्वयंपाकघराकडे वळला. पोळी मधे जाड आणि कडेला पातळ होते, याचा त्यांनी तक्ता केला.

"अहो, कुणीतरी या माणसाला काहीतरी मोजायला द्या हो!" त्यांच्या पत्नी नंदाताई एकदा फोनवर म्हणाल्या. फोनच्या दुसऱ्या टोकाला डेरेक पेल होता.

डेरेक हा मोघ्यांचा फॅक्टरीतला दोस्त, हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या टूलरूमचा माणूस. तो एका डिअर क्लबचा सेक्रेटरी होता. आसपासच्या शेतांत हरणं फार झाली, की शेतकऱ्यांच्या परवानगीने ती मारायची, हे क्लबचं काम. पण मेंबरांचा खरा वेळ हरणांपेक्षा एकमेकांशी भांडण्यात जाई. क्लबला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त नव्या मेंबरांना शिकायला क्लबच्या मालकीची एक रायफल घ्यायची ठरली, आणि कुठली घ्यायची यावरून कमिटीत दोन तट पडले.

एका बाजूला अध्यक्ष मेजर व्हिटलॉक. मेजरसाहेब सैन्यातून निवृत्त झाले होते. त्यांची बहुतेक नोकरी ब्लँकेटं आणि मोजे यांच्या पुरवठ्यात गेली होती, हे ते आपणहून सांगत नसत. त्यांचं म्हणणं एकच: रायफल इंग्लिशच पाहिजे. बर्मिंगहॅमच्या 'हार्कनेस अँड डेल'ची, दुसरी नको. मेजरसाहेब हे बोलत ते जर्मन गाडीतून उतरून, गळ्यात ऑस्ट्रियन दुर्बीण अडकवून. दुसऱ्या बाजूला डेरेक. त्याला फिनलंडची साधी रायफल हवी होती, जी तीनपट स्वस्त होती. "देशी माल, देशी माल करत मी तीस वर्षं राबलो," तो म्हणे, "आणि देशी मालकानेच गेटला कुलूप घातलं. मला आता फक्त गोळी जिथे मारली तिथे लागायला हवी."

चार मीटिंगा झाल्या. दोघांनी एकमेकांना देशद्रोही आणि म्हातारा म्हणून झालं. शेवटी डेरेकने सुचवलं, की बाहेरचा, कुठल्याही बाजूचा नसलेला माणूस आणू या. मेजरसाहेबांनी मोघ्यांना एकदा आपादमस्तक पाहिलं, हा माणूस खरोखरच पुरेसा बाहेरचा आहे याची खात्री पटली, आणि त्यांनी मान डोलावली.

मोघ्यांचा मात्र पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. ते पुण्यात वाढले तेव्हा 'इम्पोर्टेड' हा शब्द हळू आवाजात, आदराने उच्चारला जाई. त्यांच्या वडिलांकडे एक इंग्लिश वस्तरा होता. तो इम्पोर्टेड असल्यामुळे वडील त्याने कधी दाढी करत नसत, फक्त पाहुण्यांना दाखवत. आणि इथे मेजरसाहेब इंग्लिश वस्तूला 'आपली' म्हणत होते आणि 'इम्पोर्टेड' म्हणताना नाक मुरडत होते. तपासणीच्या फॉर्मवर कुठल्या रायफलीपुढे 'देशी' लिहायचं, हे मोघ्यांनी डेरेकला दोनदा विचारून घेतलं.

दोन्ही दुकानांनी एकेक रायफल चाचणीसाठी दिली. कायद्याने मोघ्यांना एकट्याने रायफलीला हात लावायची सोय नव्हती. बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट असलेला माणूस शेजारी हवा. म्हणून तीन दिवस क्लबच्या झोपडीत मोघे मोजत बसले आणि डेरेक शेजारी बसून नंदाताईंनी दिलेला चिवडा संपवत राहिला.

रायफल खोलल्यावर मोघ्यांना पहिला धक्का बसला. इंग्लिश रायफलीचं लाकूड बाजूला केलं, तर आतल्या पोलादावर बारीक शिक्का होता: स्पेनचा. नळी फिरवून पाहिली, ती ऑस्ट्रियाची. लाकूड तुर्की अक्रोडाचं, हे तर कंपनीच्याच कागदावर अभिमानाने छापलं होतं. खांद्यावर अडकवायच्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूला मोघ्यांनी भिंग धरलं आणि ते मोठ्याने हसले.

"काय झालं?" डेरेकने विचारलं.

"कानपूर," मोघे म्हणाले. "माझ्या गावापासून हजार-बाराशे किलोमीटर. पण मेजरच्या घरापेक्षा मलाच जवळ."

तरी मोघे न्यायी माणूस होते. जोडकाम बर्मिंगहॅमलाच झालं होतं आणि ते बघत राहावं असं होतं. लाकडावरची नक्षी हाताने कोरलेली होती. नळी लाकडात इतकी घट्ट बसवली होती, की मधे कागदाचा कपटासुद्धा जाईना. फिनलंडच्या रायफलीचं लाकूड दाराच्या फळीसारखं साधं, आणि नळीखाली कागद सरसर पार जाई. ही फट पाहून मोघ्यांनी फिनलंडचे मार्क कापले.

शनिवारी चाचणी झाली. पाच मेंबर, शंभर यार्ड, प्रत्येक रायफलीतून प्रत्येकाची एक, म्हणजे पाच-पाच गोळ्या. कुठला कागद कुठल्या रायफलीचा हे कुणाला कळू नये, म्हणून मोघ्यांनी कागदांवर मराठीत 'क' आणि 'ख' लिहिलं. अख्ख्या वॉरिकशायर परगण्यात ते गुपित फोडणारा माणूस त्या दिवशी नव्हता.

गोळीबार झाल्यावर कागद टेबलावर मांडले गेले. 'ख'च्या कागदावर पाच भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. 'क'च्या कागदावर पहिल्या दोन गोळ्या सुरेख, आणि पुढच्या तीन जिना चढल्यासारख्या वर वर गेलेल्या.

मेजरसाहेबांनी 'ख' उचलला. तो हातभर लांब धरला, जवळ आणला. "याला म्हणतात शिस्त!" ते म्हणाले. "दोनशे वर्षांची परंपरा या कागदावर दिसते. हे परदेशी लोकांना जमायचं नाही. तुमच्या लिपीतलं हे अक्षर काय आहे, शशी?"

"ख," मोघे म्हणाले.

"सुंदर अक्षर आहे. अगदी बर्मिंगहॅमचं."

"ते फिनलंड आहे, मेजर."

झोपडीत कुणीतरी खोकलं. मेजरसाहेबांनी कागद खाली ठेवला, आणि आज वारा फार होता असं जाहीर केलं.

मोघ्यांना मात्र मेजरपेक्षा त्या जिन्याची चिंता लागली होती. पहिल्या दोन गोळ्या बरोबर, मग का सरकावं? ते रविवारभर फेऱ्या मारत राहिले. नंदाताईंनी लाटणं लपवून ठेवलं. सोमवारी सकाळी दाढी करता करता त्यांना उमगलं, आणि अर्ध्या तोंडाला फेस असतानाच त्यांनी डेरेकला फोन लावला. नळी तापते. तापली की फुगते. फिनलंडच्या नळीला फुगायला जागा होती, कारण खाली ती कागदाएवढी फट होती. इंग्लिश नळीला लाकडाने इतकं प्रेमाने आवळलं होतं, की तापल्यावर ती लाकडालाच रेटून वर सरके. जे पाहून त्यांनी फिनलंडचे मार्क कापले होते, तोच फिनलंडचा गुण होता. एकतीस वर्षांत मोघ्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तक्त्यावर काट मारली आणि खाली सही केली.

अहवाल बावीस पानांचा झाला. त्यातलं एक वाक्य पुढे बरंच गाजलं: 'देशी रायफलीतील देशी भाग, वजनाने, अकरा टक्के, रायफल ठेवायची पेटी धरल्यास चौतीस.' शेवटी शिफारस होती: फिनलंडची घ्यावी. इंग्लिश रायफलीचं लाकूडकाम उत्तम, पण चुकीच्या जागी उत्तम; नळीखाली कागदाएवढी फट ठेवल्यास ती बरोबरीला येईल.

मीटिंगला कमिटीचे नऊ जण होते. अहवाल सगळ्यांपुढे होता; पानं उलटलेली फक्त डेरेकच्या प्रतीची दिसत होती. मेजरसाहेब उभे राहिले. त्यांनी मोघ्यांचे मनापासून आभार मानले. असा कसून केलेला अहवाल आपण सैन्यातही पाहिला नव्हता, असं ते म्हणाले, आणि ते खरंच असावं. "पण शशी," ते पुढे म्हणाले, "काही गोष्टी मोजता येत नाहीत. रायफल खांद्याला लावली की आतून काहीतरी जाणवतं. त्यासाठी इथे जन्मावं लागतं."

"नळी ऑस्ट्रियात जन्मली आहे, मेजर," मोघे म्हणाले.

मतदान झालं. इंग्लिश सात, फिनलंड दोन. कार्यवृत्तात नोंद झाली: 'श्री. मोघे यांच्या अहवालाची नोंद घेण्यात आली.'

मोघ्यांना वाईट वाटलं, पण हरल्याचं नाही. परत जाताना गाडीत ते डेरेकला एवढंच म्हणाले, "विकत घेतली ते ठीक. पण निदान ती फट तरी करून घ्या रे." दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. पोळी कशी झालीय हेही त्यांनी पाहिलं नाही, तेव्हा नंदाताई घाबरल्या.

जूनमध्ये एका सकाळी त्यांच्या दाराशी टाय लावलेला एक चाळिशीचा माणूस उभा राहिला. "मी रॉबर्ट डेल," तो म्हणाला. "हार्कनेस अँड डेलमधला डेल. हार्कनेस आता कुणी नाही." त्याच्या हातात तो बावीस पानी अहवाल होता. डेरेकने मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी पाठवला होता.

नंदाताईंना वाटलं, वकिलाची नोटीस आली. त्यांनी आधी त्याला चहा दिला आणि मग मोघ्यांच्या कानात म्हटलं, "अहो, माफी मागून टाका."

डेलने चहा तसाच खाली ठेवला. "मिस्टर मोघे, तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे. अकरा टक्केसुद्धा. आम्ही हिशेब केला तेव्हा साडेदहा निघाले."

"तुम्ही पट्ट्याचं बक्कल धरलं नसेल," मोघे म्हणाले. "ते इंग्लिश आहे."

डेलने वही काढून ते टिपून घेतलं. मग तो मुद्द्यावर आला. बाहेरून येणारी नळ्यांची प्रत्येक खेप सारखी नसते. तपासणारा जुना माणूस निवृत्त झाला. जागा रिकामी आहे. आठवड्याचे तीन दिवस येणार का?

मोघ्यांनी नंदाताईंकडे पाहिलं. नंदाताईंनी त्यांच्याआधीच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मोघ्यांनी वीस नळ्यांपैकी चौदा नापास केल्या. कारखान्यात हलकल्लोळ झाला. डेलने कपाळाला हात लावला, पण चौदाही परत पाठवल्या. पुढच्या खेपेत नापास निघाल्या तीन. लाकूडकाम करणारे दोन म्हातारे नळीखाली फट ठेवायला राजी होईनात. त्यांच्या आज्यापणज्यांनी फट ठेवली नव्हती. मोघे त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. ते रोज दुपारी कागदाचा एक कपटा घेऊन त्यांच्या टेबलाशी जात, नळीखाली सरकवून पाहत, आणि अडकला की काही न बोलता निघून जात. सहा आठवड्यांनी कपटा पार गेला. त्या वर्षी सप्टेंबरनंतर बाहेर पडलेल्या रायफली फिनलंडच्या तोडीस तोड गोळी मारू लागल्या. मेजरसाहेबांनी त्यातली एक स्वतःसाठी घेतली, आणि रक्तातली परंपरा अशी उफाळून येते, असं क्लबात सांगितलं.

२००७ साली कंपनीने नवा कॅटलॉग काढला. जाड, गुळगुळीत कागद. पहिल्याच पानावर मजकूर होता: 'आमची प्रत्येक रायफल एका अनुभवी इंग्लिश कारागिराच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.' खाली पानभर फोटो. खिडकीतून येणारा उजेड, पोलादाची नळी आणि ती धरलेले दोन सावळे हात. मनगटाच्या वर फोटो कापलेला होता.

मोघ्यांची मुलगी वैभवी त्या रविवारी लंडनच्या इल्फर्डहून घरी आली होती. ती तिथे सॉलिसिटर होती, इंग्लंडातच वाढल्यामुळे तिचं मराठी मोडकंतोडकं होतं, आणि चिडायला तिला फार वेळ लागत नसे. तिने कॅटलॉग टेबलावर आपटला. "बाबा, हा फोटोमध्ये तुमची तोंड कुठे आहे? दे कट यू आउट! इंग्लिश कारागीर म्हणतात आणि तोंड नाही दाखवत! तुम्ही कम्प्लेंट करा. मी लेटर ड्राफ्ट करते."

"करायलाच हवी," मोघे म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ न्याहाळला. त्यांची मान नकारार्थी हलू लागली.

"काय लिहू?" वैभवीने पेन काढलं.

"लिही, की फोटोग्राफरने मला हातमोजे काढायला लावले. उघड्या हाताने नळी कधी धरायची नसते. हाताच्या घामाने आठवड्याभरात गंज धरतो. असला फोटो छापला, तर गिऱ्हाइकं तशीच धरायला शिकतील."

वैभवीने पेन खाली ठेवलं. आतून नंदाताई म्हणाल्या, "लिही गं ते म्हणतात तसं. नाहीतर दोन दिवस जेवायचे नाहीत."